ओहम मॅडमचं बटण

ओहम मॅडम स्क्रीनवरचा एलईडी जळाला तरी हळहळायच्या. ब्राउझरमध्ये एक पान उघडायचं, त्यात ब्रेडबोर्ड, वायरी, रेझिस्टर, कोड चालवणारी मायक्रोकंट्रोलर चिप असं सगळं चित्रात ओढून मांडायचं आणि हिरवं बटण दाबायचं, की ते चित्र खऱ्यासारखं चालू लागतं. वीज आवरणारा रेझिस्टर न लावता एलईडी जोडला, तर त्या चिमुकल्या दिव्याचा चित्रातच छोटासा स्फोट होतो. पोरं मुद्दाम तो स्फोट करून पाहायची. मॅडम तिथेच क्लास थांबवायच्या. "जळाला ना तो? आता त्याले नीट पाह्य. काऊन जळाला ते सांग, मंगच दुसरा घे." दुसरा माउसच्या एका क्लिकवर मिळत होता, पण मॅडमच्या वर्गात तो मागून घ्यावा लागे.

ओहम हे नाव आयटीआयतल्या पोरांनी ठेवलेलं. कुठलाही रेझिस्टर हातात घेतला की मॅडमचा पहिला प्रश्न, "किती ओहम?" पुढे ही सवय सगळ्याच गोष्टींना लागली. मी एकदा "मॅडम, ताप आहे" म्हणून सुट्टी मागायला गेलो, तर म्हणाल्या, "किती?" मी म्हणालो, थोडा आहे. "थोडा म्हंजे किती? आकडा घेऊन ये." घरी थर्मामीटर नव्हता. तो शेजाऱ्याकडून आणून आकडा पाहीपर्यंत ताप उतरला होता. मॅडम चिडल्या नाहीत, हसल्याही नाहीत. "पाह्यलं? आता तुले समजलं," एवढंच म्हणून त्यांनी मला वर्कशॉपमध्ये धाडलं.

आयटीआय झाल्यावर मी जाम गावच्या चौरस्त्यावर दुकान टाकलं. नागपूरहून खाली जाणारे ट्रक तिथे थांबतात आणि त्यांचे हॉर्न, इंडिकेटर, केबिनमधली गाणी यांतलं काही ना काही बिघडलेलं असतंच. पंधरा-सोळा वर्षं मॅडमची गाठ नव्हती. मग लॉकडाऊन लागलं, हायवे ओस पडला आणि एका दुपारी त्यांचा फोन आला. "दिनेश, दुकान बंद असन ना? मंग रिकामा काऊन बसला? ये शिकाले." आयटीआयला कुलूप, खरे पार्ट आत अडकलेले, म्हणून त्यांनी ही ब्राउझरवाली वाट शोधून काढली होती आणि वर्ग भरायला जुन्या विद्यार्थ्यांनाही बोलावलं होतं. अठरा वर्षांच्या पोट्ट्यांमध्ये मी एकटा टकलू. पण त्या सहा महिन्यांत मी जे शिकलो ते दोन वर्षांच्या ट्रेडमध्ये शिकलो नव्हतो, हे खरं.

आयटीआय पुन्हा उघडली, मॅडम निवृत्त झाल्या, तरी रविवारी सकाळी दहाचा तो क्लास त्यांनी चालूच ठेवला. त्याची फी नव्हती आणि सर्टिफिकेटही नव्हतं, त्यामुळे पोरं टिकली नाहीत. आधी अकरा होती, मग पाच, मग दोन. मॅडम हजेरी मात्र सगळ्यांची घ्यायच्या. एकेक नाव घेऊन "हजर मॅडम" म्हणायला लागेल तितका वेळ थांबायच्या आणि मग पुढच्या नावाकडे जायच्या. शेवटी शेवटी मी एकटाच असायचो. माझं नाव यादीत खाली. स्क्रीनवर त्यांच्या चष्म्यात लॅपटॉपचा उजेड, आणि एकेका नावानंतरची ती शांतता. मला ते ऐकवत नसे. "मॅडम, मी एकटाच आहे, करा सुरू" असं एकदा म्हणालो. "मले दिसून राह्यलं ते," त्या म्हणाल्या आणि पुढचं नाव घेतलं. खोटं कशाला बोलू, त्यानंतर मीही दोन-तीन रविवार चुकवले.

मॅडम पवनारला राहायच्या, एकट्या. लग्न केलं नव्हतं. भाऊ नागपूरला, दिवाळीला फोन करणारा. एकदा वर्ध्याला सामान आणायला गेलो तेव्हा पुढे त्यांच्या घरी डोकावलो आणि दारातच थबकलो. लॅपटॉपवर चित्र इतकं मोठं करून ठेवलेलं की एकेक रेझिस्टर लाटण्याएवढा. काचबिंदू झाला होता. खऱ्या रेझिस्टरवरचे, किती ओहम ते सांगणारे रंगाचे पट्टे त्यांना आता दिसत नव्हते. ज्या बाईने आमच्या तीन पिढ्यांना ते पट्टे पाठ करायला लावले तिला. मी लॅपटॉपकडे वाकून पाहिलं. त्याच म्हणाल्या, "इथं दिसते मले. पाहिजे तेवढं मोठं करता येते. टेबलावरच्या वस्तूले कोन मोठं करून देईन?"

स्क्रीनवर एक सर्किट चालू होतं. एक बटण, एक घड्याळ, मायक्रोकंट्रोलर. रोज सकाळी आठच्या आत बटण दाबायचं. दाबलं नाही तर ते यंत्र एका नंबरावर मेसेज पाठवणार. खालच्या काळ्या चौकटीत अक्षरं उमटली, इंग्रजी लिपीत मराठी: बटण दाबले नाही. एकटं राहणाऱ्या माणसाने स्वतःसाठी केलेलं यंत्र होतं ते. मी कोड खाली सरकवत गेलो आणि नंबराच्या जागी मला दहा शून्यं दिसली.

"नंबर काऊन नाई टाकला मॅडम?"

"चालवून पाह्याले नंबर लागत नाई."

"पन खरं बनवाल तेव्हा?"

त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. "कोनाचा टाकू? भावाचा टाकला तर तो नागपूरवरून मलेच फोन करन. मी उचलनार नाई, मंग शेजाऱ्याले करन. शेजारी वावरात. त्याच्यापेक्षा शून्यच बरे." एवढं बोलून त्यांनी मला रेझिस्टर नीट बसलाय का ते पाहायला सांगितलं. मी पाहिलं आणि चहा पिऊन निघालो. माझा टाका, हे दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत. आपण काही सख्खे नाही, मॅडमना आगाऊपणा वाटेल, असं स्वतःला समजावत जामपर्यंत आलो.

पुढच्याच आठवड्यात मी सामान जमवलं. बोर्ड, सिमकार्ड बसणारं मॉड्यूल, आणि ट्रकच्या डॅशबोर्डवरचं एक चांगलं मोठं लाल बटण. क्लासच्या लिंकवरून मॅडमचा कोड घेतला, दहा शून्यांच्या जागी माझा नंबर घातला आणि पवनारला जाऊन देव्हाऱ्याच्या बाजूच्या भिंतीवर यंत्र ठोकलं. मॅडमनी बोटांनी बटण चाचपलं. "नंबर कोनाचा टाकला?" मी सांगितलं. मी चालू करायला गेलो तर हात धरला. "आत्ता नोको. नवीन वस्तू सकाळी दिवा लावून चालू कराव. मी करतो उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो, तेवढ्यात मेसेज आला. बटण दाबले नाही. एका मिनिटाने पुन्हा. मग पुन्हा. मी फोन लावला, रिंग वाजत राहिली. पाचव्या मेसेजला मी मोटारसायकलला किक मारली. सव्वा तासाची वाट पाऊण तासात कापली. वर्ध्याच्या अलीकडे एका वळणावर गिट्टीवरून गाडी घसरली, कोपर सोललं, ते मला तिथे पोचेपर्यंत कळलंही नाही.

मॅडम ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. फोन आत चार्जिंगला. माझा आवाज ऐकून मान वर केली, काय झालं ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "दिवस किती सेकंदाचा ठेवला?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. स्क्रीनवर तपासताना कोणी चोवीस तास थांबत नाही, म्हणून मॅडमनी कोडमध्ये दिवस साठ सेकंदांचा धरला होता. खरं यंत्र करताना तो आकडा बदलायचा असतो. मी नंबर बदलला आणि दिवस तसाच ठेवला.

"साठ," मी खाली मान घालून म्हणालो.

"आन् तिकडून याले किती वेळ लागला?"

"पाऊन तास."

"म्हंजे मले मरून दीड महिना झाला," मॅडम म्हणाल्या आणि पुन्हा मेथी निवडू लागल्या.

मग त्यांची नजर, जेवढी होती तेवढी, माझ्या पायांकडे गेली. एका पायात माझी चप्पल होती, दुसऱ्यात बायकोची. त्या उठून आत गेल्या. हळदीची वाटी घेऊन यायला त्यांना फार वेळ लागला आणि आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं. कोपराला हळद लावली. "कोनी येईन असं वाटलं नोयतं रे मले," त्या म्हणाल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, कारण मलाच रडू येत होतं. मग मॅडमचा लॅपटॉप काढला आणि दिवस चोवीस तासांचा केला.

त्यानंतर दोन वर्षं एकही मेसेज आला नाही. रोज आठ वाजता मी फोनकडे पाहायचो, तो गप्प असायचा आणि मी शटर वर करायचो. म्हणजे मॅडम ठीक आहेत, असं समजायचो. पण यातून एक वाईट गोष्ट झाली, आणि ती मी सांगितली पाहिजे. आधी मी आठवड्यातून दोनदा तरी फोन करायचो. आता यंत्र सांगतंय म्हटल्यावर आठवड्याचा महिना झाला. रविवारचा क्लास तर कधी बंद पडला तेही आठवत नाही. एकदा दसऱ्याला सोनं द्यायला गेलो तेव्हा मॅडम सहज बोलल्यासारख्या म्हणाल्या, "बटन दाबलं म्हंजे मानूस बरं आहे, असं तुले वाटते काय रे?" मी म्हटलं, नाही मॅडम, दुकानात गर्दी असते. "एक दिवस मी दाबलंच नाई. बसलो समोर खुर्ची टाकून. म्हटलं पाहाव, येते काय कोनी. आठले दोन मिनटं कमी होते, तवा दाबलं." मी विचारलं, का दाबलं मग? "तुयी गाडी आठवली," त्या म्हणाल्या. दर पंधरा दिवसांनी येईन, असं मी त्यांना कबूल केलं. दोनदा गेलो. मग ट्रकवाल्यांचा सीझन लागला.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. डोळ्यांमुळे सकाळची कामं उरकायला उशीर होतो, आठचे नऊ करायचे आहेत, नवा कोड लिहून ठेवलाय, येऊन भरून दे. गेलो. डावा डोळा पूर्ण गेला होता. उजव्या डोळ्याने, एकेक अक्षर हातभर मोठं करून, त्यांनी तो कोड लिहिला होता. मी मेसेज पाठवून पाहू लागलो तर म्हणाल्या, "राहू दे. मी स्क्रीनवर चालवून पाह्यलं. बराबर येते." मॅडमचा कोड तपासायची माझी काय प्राज्ञा? दिवस चोवीस तासांचा आहे ना, तेवढी एक ओळ पाहिली आणि कोड भरून टाकला. जेवून जा म्हणाल्या. मी म्हटलं, पुढच्या वेळी नक्की. दारापर्यंत भिंतीला हात लावत आल्या. "येजो," म्हणाल्या.

संक्रांतीनंतरची गोष्ट. दुकानात एका ट्रकच्या हेडलाइटचं काम काढलं होतं. नऊ वाजले आणि फोन वाजला. मॅडमच्या यंत्राचा नंबर. दोन वर्षांत आलेला पहिला मेसेज. पाना हातातून खाली ठेवला आणि वाचला. त्यात बटणाचं नाव नव्हतं. इंग्रजी लिपीतल्या मराठीत दोन ओळी होत्या:

घाई करू नको. आता घाई नाई.
गाडी हळू चालव.

मी फोन लावला नाही. ट्रकवाल्याला दुसरं दुकान दाखवलं, हात धुतले, दोन्ही पायांत माझ्याच चपला आहेत ना ते पाहिलं आणि गाडी काढली. मागून येणारे ट्रक हॉर्न वाजवत पुढे जात होते, त्यांना जाऊ दिलं. रस्ताभर डोळ्यांना धारा लागल्या होत्या, तरी काटा चाळिसाच्या पुढे जाऊ दिला नाही. पवनारला पोचायला त्या दिवशी मला दीड तास लागला.