सप्तपदी कुणी पाहिली?

वकीलसाहेब चष्मा काढायचे, कोटाच्या बाहीला पुसायचे आणि साक्षीदाराला नुसतं विचारायचे, "पुढं?" आवाज इतका मायाळू, की समोरचा माणूस आपणहून सगळं ओकून मोकळा व्हायचा. मी तेव्हा त्यांच्या हाताखाली नवा वकील होतो. तुम्ही त्यांना पाहिलं असतंत तर तुम्हालाही ते आवडले असते. मला तर फारच आवडायचे.

एकदा तालुक्याच्या कोर्टात काष्टीकडच्या एका बाईची फिर्याद आली. मूल होत नाही म्हणून नवऱ्याने दुसरी बायको केली आणि हिला घराबाहेर काढलं. आम्ही नवऱ्याचे वकील. त्याला तुरुंगात घालायची तिला हौस नव्हती. "त्यानं दुसरं लगीन केलं आन् ते वाईट केलं, येवढं कोरटानं म्हनावं," ती सांगायची. "गावाला त्यात काई वावगं दिसंना."

वरच्या कोर्टाचा एक निवाडा तेव्हा वकिलांच्या तोंडी होता. होम आणि सप्तपदी झाल्याचं सिद्ध झालं नाही, तर दुसरं लग्न कायद्याने झालंच नाही, मग गुन्हाही नाही. आता आपल्याकडची लग्नं तुम्हाला ठाऊक आहेत. अक्षता पडल्या की लग्न लागलं, आणि सगळा मांडव पंगतीकडे पळतो. सप्तपदी बघायला भटजी आणि दोनचार म्हाताऱ्या उरतात. यातले भटजी साक्षीच्या दिवशी आमच्या सोयीने आजारी पडले होते, आणि म्हाताऱ्या नवऱ्याच्याच घरातल्या होत्या. राहिला बाईच्या भावकीतला एक म्हातारा.

"आजोबा, अक्षता टाकल्या?"

"टाकल्या की. ह्या हातानं."

"पुढं?"

"पुढं काय, जेवाय बसलो."

"काय होतं जेवायला?"

"लापशी. लई ग्वाड हुती."

वकीलसाहेब न्यायाधीशांकडे वळले. "माझ्या अशिलाने गावाला लापशी वाढली, साहेब. तो गुन्हा नाही."

सगळं कोर्ट हसलं. नवरा सुटला.

पुढे दुष्काळ पडला. दुसरीला मुलगी झाली, म्हणून त्याने तिलाही हाकललं. दोघी बायका खडी फोडायच्या सरकारी कामावर भेटल्या आणि एकाच झोपडीत राहू लागल्या. दुसरीने पोटगीसाठी अर्ज केला. आम्ही पुन्हा नवऱ्याचेच वकील.

या वेळी वकीलसाहेबांनी सप्तपदीवर शब्द खर्च केला नाही. ते म्हणाले, झालं असेल लग्न अगदी यथासांग. पण पहिली बायको जिवंत असताना केलेलं लग्न कायद्याने फोल. मग ही बायको नव्हेच, आणि पोटगी कसली? दोन्ही वेळा कायदा त्यांच्याच बाजूला होता. ते मला अजून पचलेलं नाही.

दुसरीच्या बाजूने साक्ष द्यायला पहिली पिंजऱ्यात उभी राहिली.

"बाई, तुम्ही याची लग्नाची बायको ना?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"न्हाई. माजं त्याचं लगीनच झालं न्हाई."

ती बायको नसली, तर दुसरी खरी बायको ठरणार होती. सवतीच्या पोटाला मिळावं म्हणून ती स्वतःचं मंगळसूत्र खोटं करत होती.

चष्मा निघाला. "मागच्या खटल्यात इथेच शपथेवर बायको म्हणालात. तेव्हा खोटं बोललात, की आज?" मग त्यांनी खोट्या साक्षीची शिक्षा तिला हळूहळू, लेकीला सांगावं तशी समजावली. बाईने मागे वळून दुसरीकडे पाहिलं.

मागून दुसरी म्हणाली, "आक्का, खरं सांगून टाका. ऱ्हाऊ द्या माजं."

आक्काने खरं सांगितलं.

निकालात मुलगी बापाची ठरली, तिला पोटगी मिळाली. तिची आई मात्र त्याची कोणीच नव्हती.

व्हरांड्यात वकीलसाहेबांनी पहिलीला गाठलं. त्यांना खरंच कोडं पडलं होतं. "बाई, कशाला बोललात खोटं? तुमचा काय फायदा होता?"

"तुमीच शिकवलं, सायेब," ती म्हणाली. "लगीन झालंच न्हाई म्हनलं की मानूस सुटतो. म्हनलं, आपुनबी सुटून बघावं."

वकीलसाहेबांनी चष्मा काढला, कोटाच्या बाहीला पुसला आणि पुन्हा घातला. मग आतून पुढच्या खटल्याचा पुकारा झाला. ते कोट सारखा करून आत गेले आणि तोही खटला जिंकले.