आडवी केलेली मोटारसायकल

आयर्लंडमधल्या स्लायगोत आमच्या घरावरून एक आजोबा रोज कुत्र्याला फिरवत. नाव कधी विचारलं नाही. मान हलवून "ग्रँड", म्हणजे तिथलं "छान", म्हणायचे आणि पुढे जायचे.

हिवाळाभर पडून असलेली माझी जुनी मोटारसायकल सुरू व्हायची आणि मिनिटभरात बंद पडायची. बाबा स्कूटर करायचे तशी मी ती आडवी केली. आजोबा थबकले.

"हे काय?"

"आमच्याकडे असंच करतात."

त्यांनी हसत गाडी उभी केली, पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं आणि मला ती सुरू करायला लावली. या वेळी गाडी चालू राहिली. "झाकणाचं भोक बुजलंय. आत हवा नको का जायला?"

तरी जाताना विचारलंच, "कुठल्या बाजूला आडवी करायची?"

रविवारी ते एक धुळकट मोटारसायकल ढकलत आले.

"बायकोची. ती गेल्यापासून बंद आहे. झाकण उघडून झालं. आता तुमच्यासारखं करून बघू या?"