दुपारी दोनचा ढोल
ही गोष्ट मी इतकी वर्षं कुणालाच सांगितली नाही, बायकोलाही नाही. पण आज भाजलेल्या अननसाचा आणि दालचिनीचा वास आला आणि राहवेना. कोविडच्या त्या वर्षी विमानं बंद झाल्यामुळे आम्ही दोघं आयर्लंडला, मुलाच्या सँडीफोर्डच्या फ्लॅटमध्ये अडकलो होतो. शेजारचा ब्राझिलियन तरुण रोज दुपारी दोनला ढोलाचा सराव करायचा, नेमका माझ्या वामकुक्षीच्या वेळी. वैतागून मी बिल्डिंगच्या ऑफिसात निनावी तक्रार टाकली आणि ढोल थांबला. पुढे आम्ही घरातले सगळेच आजारी पडलो, तेव्हा शेजारच्या त्याच तरुणाने दोन आठवडे दूध, भाजी आणि स्वतः शिजवलेला काळा घेवडा दाराशी आणून ठेवला. निर्बंध उठल्यावर, तो जिथे ढोल वाजवायचा त्या ब्राझिलियन रेस्टॉरंटमध्ये त्याने आम्हाला रविवारी जेवायला बोलावलं. गिटार, ढोल, टेबलांमधून नाचणारी माणसं, आणि लांब सळईवरून कापून थेट ताटात पडणारा, दालचिनी लावून भाजलेला गरम अननस. मध्येच तो घाम पुसत आमच्यापाशी आला आणि हसत म्हणाला, "कुणीतरी तक्रार केली होती, घर जाता जाता वाचलं. मग महिनोन् महिने पार्किंगमध्ये, गाडीत बसून वाजवलं." "कोण मेला तो?" बायको मराठीत फणकारली. त्याने माझा हात धरला, "अंकल, चला नाचायला!" "अहो, जा की, लाजताय काय नवरदेवासारखे?" बायकोने मला ढकललं. मी नाचलो, आयुष्यात पहिल्यांदा आणि अगदी मनापासून. गाणं संपल्यावर तक्रार मीच केली होती हे सांगायला त्याच्या कानाशी वाकलो, पण तोंडातून निघालं फक्त "थँक यू". त्याने मला घट्ट मिठी मारली, आणि माफी मागायची राहूनच गेली.