भाऊजी, भिंत आणि निळी फुलं

मुक्ता आणि ओम, परवा ओमच्या हाताचा एक्स-रे काढायला गेलात तेव्हा तुमच्या आईने तिथल्या माणसाला प्रश्न विचारून भंडावून सोडलं आणि तुम्हाला दोघांना लाज वाटली, असं फोनवर कळलं. म्हणून मी, तुमची आजी, हे आता नीट लिहून ठेवते. तिला ही सवय भाऊजींनी लावली, आणि भाऊजींएवढा संशयी व एवढा निरुपद्रवी माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात झाला नाही.

भाऊजी म्हणजे तुमच्या आजोबांचे मावसभाऊ. कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवून निवृत्त झाले. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे आमच्याकडेच पुढच्या खोलीत राहत. खिशात पेनाऐवजी भिंग असे. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलो की मागची रांग खोळंबायची, कारण भाऊजी प्रसादाचं फूल कपाळाला लावण्याआधी उलटसुलट तपासत उभे. "याला मुलगी दाखवायला नेलं होतं," आजोबा सांगत, "तर पठ्ठ्याने तिच्याकडे पाहिलंच नाही. तिच्या वेणीतली अबोली मागितली!" भाऊजी शांतपणे म्हणत, "त्यातलं एक फूल वेगळ्या रंगाचं होतं. चेहरा काय, पुढे पाहता आला असता." पुढे पाहायचा योग काही आला नाही.

त्यांचा खरा जीव एका झाडावर होता. नाव ट्रॅडेस्कॅन्शिया, तरुणपणी ते ज्या प्रयोगशाळेत होते, तिथून त्याची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली. तीन पाकळ्यांचं निळं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत विरघळल्यासारखं मिटतं. आतल्या पुंकेसरांवर बारीक केस असतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक केस म्हणजे निळ्या मण्यांची माळ दिसते. मणी म्हणजे पेशी. या झाडात निळा रंग वरचढ, गुलाबी त्याच्यामागे दडलेला. एक्स-रेसारख्या किरणोत्सर्गाने वाढत्या पेशीतला निळा गुण बिघडला की तिथे गुलाबी मणी उमटतो, तोही लगेच नाही, काही दिवसांनी उमलणाऱ्या फुलात. एखादा गुलाबी मणी आपोआपही येतो, म्हणून लांब ठेवलेल्या कुंडीतल्या फुलांशी तुलना करायची. हे सगळं भाऊजी दूधवाल्यालाही समजावत. तो म्हणे, "बराबर हाय सर. दूध किती घालू?"

मुक्ता, तू पोटात होतीस आणि तुझी आई बाळंतपणाला आली, त्याच सुमारास शेजारच्या डॉक्टरांनी आमच्या मागच्या खोलीला लागून एक्स-रेचं मशीन बसवलं. मध्ये एकच भिंत. ती खोली थंड, म्हणून तुझ्या आईची खाट तिथेच होती. भाऊजी तडक डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर त्यांचेच विद्यार्थी. "सर, भिंतीत शिसं घातलंय, तपासणी झाली, कागद हाय माझ्याकडं. काहून भिऊन राहिले?"

"कागद पाहिला," भाऊजी म्हणाले. "आता झाड काय म्हणतं ते पाहू."

त्यांनी तुझ्या आईला पुढच्या खोलीत हलवलं. मागच्या खोलीत, खिडकीखाली, त्या भिंतीला टेकवून निम्म्या कुंड्या मांडल्या. निम्म्या अंगणाच्या टोकाला विहिरीजवळ. आणि स्वतः सूक्ष्मदर्शक घेऊन दिवसभर भिंतीशी बसू लागले. तुझी आई म्हणाली, "काका, मग तुम्हाला नाही का धोका?"

"माझं काय बिघडायचं ते माझ्यापाशीच संपेल," ते म्हणाले. "मला पुढे कुणाला द्यायचं नाही." आणि भिंग पुसू लागले.

रोज जेवताना तुझी आई विचारी, "काका, काय दिसलं?" रोज एकच उत्तर, "अजून नाही सांगता येत." तिचा घास तिथेच थांबे. मी रागावले, की हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. पण खोटं 'नाही' म्हणणं त्यांच्या जिभेला जमत नसे.

त्यात माझ्या नणंदबाई कनेरगावहून आल्या. रविवारी मशीन बंद असे, म्हणून भाऊजी सगळ्या कुंड्या अंगणात एकत्र उन्हाला ठेवत आणि भिंतीकडच्या ओळखाव्यात म्हणून त्यांना लाल धागा बांधलेला असे. भाऊजी आंघोळीला गेले. परत येऊन पाहतात तो सगळ्याच कुंड्यांना लाल धागे, आणि वर हळदकुंकू. त्यांनी एवढी मोठी हाक मारली की गल्ली गोळा झाली.

"भाऊ, काहून वरडून राहिला?" नणंदबाई म्हणाल्या. "पोरीच्या लेकरासाठी नवस बोलला असशील, मले समजलं. पण अर्ध्याच झाडायले धागे! अर्धा नवस कुठं पावते का? बाकीच्यायले मीच बांधून टाकले."

भाऊजी पायरीवर बसले. थोड्या वेळाने उठून कुंड्यांवर रंगाने खुणा केल्या, निम्म्या पुन्हा भिंतीशी नेल्या आणि नव्या कळ्यांची वाट पाहत पहिल्यापासून सुरुवात केली.

तेवढ्यात तू जन्मलीस. पुढच्या खोलीत पाळणा बांधला तर दार निम्मंच उघडे. बघायला येणारा प्रत्येक जण आडवा होऊन आत शिरे. "मागची मोठी खोली त्या झाडायले, अन् लेकरू दारात!" नणंदबाई ऐकवत. भाऊजी ऐकून घेत आणि भिंतीशी जाऊन बसत.

बारशाच्या आदल्या सकाळी ते बाहेर आले. डोळे लाल झालेले. "विहिरीकडच्या फुलांत जेवढे गुलाबी मणी, तेवढेच भिंतीकडच्यांत," ते म्हणाले. "भिंत चांगली आहे." तुझी आई रडायलाच लागली. त्यांनी स्वतः पाळणा सोडून मागच्या खोलीत बांधला आणि एक कुंडी घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर हसले, "सर, मी तर पहिल्याच दिवशी सांगून राहिलो होतो."

"तू सांगितलंस. आता मला माहीत झालं."

पुढे कितीतरी वर्षं लोक त्यांना चिडवत, की एवढा खटाटोप केला आणि निघालं काहीच नाही. "काही नाही, हेच तर बघायचं होतं," ते म्हणत.

गेल्या थंडीत भाऊजी गेले. ते झाड फांदी खोचूनच वाढवायचं, म्हणजे प्रयोगशाळेतून आलेलं तेच ते झाड. एका कुंडीवरचा नणंदबाईंचा धागा त्यांनी कधी सोडला नव्हता. मीही सोडलेला नाही. विहिरीजवळच्या कुंडीत आज सकाळी फुलं आली. निळी आहेत.