मैदानाकडे पाठ

गोल झाला की तो त्याला लोकांच्या तोंडांवरून कळे. गोलपोस्टामागच्या स्टँडसमोर, गवताच्या कडेला, नारिंगी जाकीट घालून तो कित्येक हंगाम उभा राहिला होता. पण एवढ्या काळात त्याने सामना असा कधी पाहिलाच नव्हता. रखवालदाराने प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहायचे, मागे काहीही होवो, हा त्या कामाचा पहिला नियम. बाकीचे रखवालदार पेनल्टीच्या वेळी हळूच मान वळवत. तो वळवत नसे. समोरची हजारो तोंडे एकदम उघडली की गोल आपला. एकदम मिटली की पाहुण्यांचा. स्टँडमधल्या पोरांनी त्याचे नाव 'खांब' ठेवले होते, आणि समोरासमोर त्याला 'काका' जोडून त्यातल्या त्यात मान राखला जाई.

एरवी आठवडाभर तो खिडक्यांना काचा बसवी. मैदानापासून स्थानकापर्यंतच्या रस्त्यावर सामन्यानंतर हमखास फुटणाऱ्या दुकानांच्या काचा बहुतेक त्याच्याच वाट्याला येत. त्याची बायको एका लाँड्रीत इस्त्रीवर होती. ती म्हणे, "अहो, शनिवारच्या सामन्याला कामात जरा ढिलाई करत जा. सगळी पोरं शहाणी झाली तर सोमवारी आपण खायचं काय?" तो हसून विषय सोडून देई. पण काचेच्या धंद्याने त्याच्या अंगी एक सवय भिनवली होती. काच हाताळणारा माणूस घाई करत नाही आणि मूठ आवळत नाही. स्टँडमध्ये भांडण पेटले की तो तसाच शिरे: तळवे उघडे, चाल संथ, आणि दहा जणांतल्या नेमक्या एकाकडे बघत. "तू. तुझ्याशी बोलतोय मी. बाकीच्यांशी नाही." पुष्कळदा तेवढ्यावर निभावे.

पुष्कळदा निभावत नसे. त्या स्टँडमध्ये येणारी पोरे सतरा ते बाविशीतली, बाहेरूनच पिऊन आलेली, खिशात नाणी आणि बाह्यांत फटाके लपवलेली. ती खुर्च्या उखडत, बाटल्यांत मूत भरून त्या पाहुण्यांच्या अंगावर भिरकावत, पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. या सगळ्यांचा म्होरक्या होता भोंगा. मोटारींच्या टायरांचे काम करणारा हा काटकुळा पोरगा एकदा ओरडला की अख्खा स्टँड त्याच्या मागोमाग ओरडे, म्हणून हे नाव.

दोन हंगामांपूर्वी याच भोंग्याने आणि त्याच्या टोळक्याने पायऱ्यांवर एका पाहुण्या पोराला लोळवले होते. खांब तिथे पोचला तेव्हा लाथा चालू होत्या. कोणाला ओढायला वेळच नव्हता. तो सरळ त्या पोराच्या अंगावर पालथा पडला, आणि पुढच्या लाथा त्याने आपल्या बरगड्यांवर घेतल्या. दोन मोडल्या. खाली कोण आहे हे ध्यानात आले तेव्हा भोंगा थांबला.

"काका, तुम्ही मधे कशाला तडमडलात?"

"मारामारी करू नको असं मी तुला सांगत नाही," खांब धापा टाकत म्हणाला. "सांगून तू ऐकणार नाहीस. पण पडलेल्याला मारायचं नाही. माणूस पडला की संपलं. एवढं एकच पाळ."

"आणि तो पुन्हा उठला तर?"

"उठला तर बघू. आधी उठू तर दे."

व्यवस्थापन तो स्टँड कायमचा बंद करायला निघाले होते. खांबाने सुरक्षा अधिकाऱ्याच्या खोलीत जाऊन या पोरांसाठी शब्द टाकला. हे सगळे सुधारतील, असे काही तो म्हणाला नाही. ही पोरे एक तरी गोष्ट शिकू शकतात, आणि शिकली नाहीत तर आपले जाकीट आपण स्वतः उतरवून देऊ, एवढेच म्हणाला. स्टँड उघडा राहिला. त्यानंतर भोंग्याने मारामाऱ्या सोडल्या नाहीत, पण पडलेल्या माणसावर त्याचा पाय उठलेला कोणी पाहिला नव्हता. उलट, दुसऱ्या कोणी तो उचलला तर भोंगाच त्याच्या मुस्कटात देई. खांबाला याचा अभिमान होता, आणि घरी तो बोलूनही दाखवी. बायको म्हणे, "पदक मागवू का?"

याच काळात खांब आणि भोंग्यात एक खेळ सुरू झाला. सामना ऐन रंगात आला की भोंगा कठड्यावर चढून जिवाच्या आकांताने ओरडे, "काका, मागे बघा! मागे बघा!" मग सारा स्टँड टाळ्यांच्या ठेक्यावर तेच ओरडू लागे. कधी म्हणे मैदानात कुत्रा शिरला, कधी म्हणे पंचाची चड्डी सुटली. खांबाने मान वळवली तर भोंगा जिंकला, नाही वळवली तर खांब. भोंगा आजवर एकदाही जिंकला नव्हता.

ज्या दिवसाने हे सगळे उलटेपालटे केले, त्या दिवशी शेजारच्या शहराचा संघ आला होता. सामन्याआधीच स्थानकाबाहेर दोघांची डोकी फुटली होती. उत्तरार्धात पाहुण्यांनी आपल्या भागाचे लोखंडी फाटक रेटून रेटून बिजागऱ्यांतून उपटले आणि चाळीसेक जण मैदानात घुसले. खांबाला समोर एवढेच दिसले, की स्टँडमधली तोंडे उघडी पडली आहेत आणि आवाज मात्र निघत नाही. असा चेहरा ना आपल्या गोलाचा होता, ना पाहुण्यांच्या. कठड्यावर भोंगा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काका, मागे बघा!"

खांबाने मान वळवली नाही.

"काका! आईशप्पथ! मागे!"

फाटकाची सळई डाव्या कानाच्या वर बसली. पहिल्या क्षणी दुखले नाही. फावड्याने गारगोटीवर घाव घालावा तसा एक आवाज डोक्याच्या आत झाला आणि पाय गेले. तो कुशीवर पडला, मैदानाकडे तोंड करून. इतक्या हंगामांत प्रथमच त्याला ते गवत दिसले, आणि गवतावर सळई पुन्हा उगारून उभा असलेला एक विशीचा पोरगा. त्याच क्षणी डोक्यावरून काहीतरी झेपावत गेले. भोंगा कठड्यावरून थेट त्या पोरावर कोसळला होता. सळई हातातून उडाली. भोंग्याने त्याच्या नाकावर डोके हाणले, पोटात गुडघा घातला, आणि पोरगा चारी मुंड्या चीत झाला.

इथे सगळे थांबायला हवे होते. सळई दूर पडली होती. पोरगा पाठीवर पडला होता. भोंग्याने पाय उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. मग पुन्हा. मग पुन्हा. जबडा मोडल्याचा आवाज खांबाच्या उरलेल्या कानाला स्पष्ट आला. पडलेला पोरगा एक हात उचलून तोंड झाकू पाहत होता आणि लाथ त्या हातावर पडत होती. "पुरे" असे म्हणायला खांबाने तोंड उघडले, पण तोंडातून रक्ताखेरीज काही आले नाही. तेवढ्यात कोणीतरी पेटवलेल्या फटाक्यांचा लाल धूर तिघांवर उतरला आणि सगळे दिसेनासे झाले.

डाव्या कानाने पुन्हा ऐकू येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. तो सळईवाला पोरगा त्याच इस्पितळात वरच्या मजल्यावर होता. जबडा तारांनी बांधलेला, नळीतून जेवण. "त्याची आई माझ्याच बाकावर बसते," बायको म्हणाली. "मी तिला चहा आणून दिला. मग कळलं कुणाची ते. मग काय, दोघींनी मुकाट्याने प्यायला."

कॅमेऱ्यात भोंग्याची उडी दिसत होती, त्याने सळईवाल्याला पाडलेले दिसत होते; पुढचे सारे कॅमेऱ्याच्या बाजूला आधीच पसरलेल्या धुरात गेले होते, आणि स्टँडमधले कोणी बोलायला तयार नव्हते. सळईवाल्याला काहीही आठवत नव्हते. भोंगा म्हणत होता, तो पुन्हा उठला, म्हणून मारले. म्हणजे सगळे एका माणसाच्या शब्दावर आले. खांबाने दुजोरा दिला तर भोंगा जीव वाचवणारा शूर ठरून मोकळा होणार होता. नाही दिला तर खटला, आणि मैदानाची दारे बंद.

टोळक्यातले दोघे खुर्च्या ओढून खाटेपाशी बसले. त्यांनी संत्री आणली होती. "काका, फार काही बोलायचं नाही. तो पुन्हा उठला, एवढंच."

"उठला नव्हता."

"तुम्हाला रक्तातून काय दिसलं असणार?"

"तेवढं दिसलं."

ते गेल्यावर बायकोने संत्री सोलता सोलता सुरी ताटलीत आपटली. "तो पोरगा नसता तर आज मी पांढऱ्या चादरीशी बोलत बसले असते. कळतंय का तुम्हाला? ज्याने वाचवलं त्याच्याच नरड्यावर पाय देणार?"

"वाचवलं तिथपर्यंतचं सगळं सांगेन. त्याने जीव धोक्यात घातला, हेही सांगेन."

"आणि पुढचं गिळा की! कोण विचारतंय?"

"मी त्या एकाच गोष्टीसाठी शब्द टाकला होता गं," तो म्हणाला. "पुढचं गिळलं तर मी पोरांना इतकी वर्षं काय शिकवत होतो?"

त्याने सगळे सांगितले. पोलिसांना आधी उडी सांगितली, मग लाथा. जबानी झाल्यावर त्याने जाकिटाची घडी घालून ती सुरक्षा अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवली. त्याच आठवड्यात भरदुपारी त्याच्या घराच्या पुढच्या सगळ्या खिडक्या विटांनी फोडल्या गेल्या. एक वीट बायकोच्या इस्त्रीच्या टेबलावर येऊन पडली. खांबाने काचा झाडल्या, चौकटी साफ केल्या आणि नव्या काचा बसवल्या. बायको दारात उभी राहून बघत होती. "निदान गिऱ्हाईक घरचं आहे," ती म्हणाली, आणि मग भिंतीला टेकून रडली.

भोंग्याच्या उडीमुळे न्यायाधीशाने कैद टाळली. तीन हंगाम बंदी, आणि घरच्या मैदानावर सामना असेल तेव्हा तो संपेपर्यंत पोलीस ठाण्यात हजेरी. पहिल्याच सामन्याच्या दिवशी खांब तिथे गेला. भिंतीलगतच्या बाकावर भोंगा बसला होता. खांबाला पाहताच तो उठला, त्याने खांबाची कॉलर धरली आणि त्याला भिंतीवर असे आदळले की टाके घातलेली जागा ठणकली.

"मजा बघायला आलात?"

खांबाने दोन्ही तळवे उघडे ठेवले. हवालदार खुर्चीवरून अर्धवट उठला.

"बसायला आलोय," खांब म्हणाला. "सोड. आणि या बाजूने बोल, तो कान गेलाय."

भोंग्याने सोडले. दोघे एकाच बाकावर, मधे एक माणूस मावेल इतके अंतर ठेवून बसले. हवालदाराच्या रेडिओवर सामना चालू होता. पूर्वार्ध संपला.

"त्या दिवशी मी खरं ओरडत होतो," भोंगा एकदम म्हणाला.

"ठाऊक होतं."

"ठाऊक होतं?"

"तुझं तोंड दिसत होतं की."

"मग वळला का नाहीत?"

खांबाने बोटावरचा काचेचा एक जुना वण चोळला. "वळलो असतो तर तू जिंकला असतास."

"डोकं फिरलंय तुमचं."

"फिरलं नाही, तिथेच तर घोटाळा झाला."

भोंग्याच्या तोंडून हसू फुटले आणि तिथेच विरले. त्याने बुटाचे टोक फरशीवर घासले, पुन्हा पुन्हा, जणू त्याला काही चिकटले होते. मग खाली बघत, एरवीपेक्षा अगदी बारीक आवाजात, विचारले, "तो हलत होता का हो, काका?"

"हात हलत होता. तोंड झाकायला."

भोंग्याने पाय बाकाखाली ओढून घेतले. उघड्या खिडकीतून मैदानाचा प्रचंड आवाज आला आणि रेडिओत तो खरखरून फुटला. हवालदाराने आवाज वाढवत मान वर केली. "कुणाचा झाला रे?" त्याने विचारले. खांबाने सवयीने भोंग्याच्या तोंडाकडे पाहिले; त्यावरून काही कळत नव्हते.