ताउनोदादाची आखूड बंदूक

शेवटच्या दिवशी ताउनोदादा माझ्याशी भांडला नाही. तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं मी.

दुसऱ्या दिवशी हरणांच्या शिकारीचा सीझन उघडणार. सगळ्यांचं सामान कॅम्पवर जाऊन पडलेलं, आणि आमचे महाराज सौन्याच्या, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत तराजू मांडून बसलेले. काडतुसं घरीच भरायचा तो. दुकानातून आणतात ती म्हणे आळशी माणसं. बरं बाबा.

सगळं रामायण त्या बंदुकीचं. दलदलीत सीडरच्या फांद्यांत नळी अडकते म्हणून दादाने ती कापून आखूड करून घेतली. इथवर अक्कल ठीक. पण बारूद ठेवलं तेच जुनं, लांब नळीचं, सावकाश जळणारं. ते पुरतं जळायच्या आत गोळी बाहेर, आणि उरलेलं नळीच्या तोंडाशी भडकायचं. असा जाळ, असा आवाज, की हरणालाच वाटत असेल, ह्याला काही मदत हवी का.

दादा म्हणायचा, पुस्तकात ह्याच बारुदाचा वेग सगळ्यात जास्त लिहिलाय. होता ना वेग. गोळी भारी वेगात जायची, हरणाच्या शेजारून. कारण जाळाच्या धास्तीने चाप ओढतानाच दादा डोळे मिटायचा. अख्ख्या कॅम्पला दिसायचं, त्याला सोडून.

आमच्या कॅम्पवर नेम चुकला की शर्टाचा मागचा तुकडा कापून भिंतीला ठोकतात. नळी कापल्यापासून दरवर्षी दादाचाच. कात्री माझ्या नवऱ्याकडे, आर्वोकडे. मेहुण्याचा शर्ट कापायला त्याला कोण हौस. म्हणायचा, बारूद बदला, पटकन जळणारं घ्या. दादा ऐकतोय कशाला. गेल्या वर्षी तर आर्वो म्हणाला, "ताउनोराव, पुढच्या खेपेला उघडेच या. कापड तरी वाचेल."

सगळे हसले. दादा तेवढा हसला नाही. "मरायच्या आधी एकदा शर्ट अख्खा घेऊन घरी जाईन," म्हणाला.

तर त्या सकाळी मी कॉफी घेऊन गेले, तर टेबलावर वेगळाच डबा. पटकन जळणारं बारूद. मी म्हटलं, "हे तर आर्वो सांगत होता तेच."

एरवी घर डोक्यावर घेतलं असतं. नुसता म्हणाला, "बोलू नकोस, वजन चुकेल." मग हळूच, "त्याला सांगू नको गं."

दुपारी जेवायला हाक मारली तर उत्तर नाही. हनुवटी छातीवर. कॉफी तशीच. काडतुसं भरून खोक्यात, डबा फळीवर जागच्या जागी. काम आवरून मेला माझा भाऊ. इतकी वर्षं हट्ट केला, आणि सोडला तो असल्या दिवशी. वेळ साधावी तर दादाने.

पुरलं त्याला नव्या शर्टात. अख्ख्या.

नंतर आर्वो दादाची बंदूक, दादाचीच काडतुसं घेऊन दलदलीत गेला. मी कॅम्पवर पास्ट्या, त्या खिमा-बटाट्याच्या मोठ्या करंज्या, गरम करत होते. एकच बार ऐकू आला, साधा, कुणी दार लावल्यासारखा. थोड्या वेळाने हा आला, रिकाम्या हाताने.

"जाळच नाही गं, लेम्पी. इतकी गोड चालली."

"आणि हरीण?"

"उभं होतं समोर. मलाच धड दिसेना."

डोळे लालभडक. त्याने फळीवरची कात्री काढून माझ्या हातात दिली, शर्ट पँटमधून ओढून बाहेर काढला, आणि पाठ केली.

कापला मी. दादाच्या तुकड्याशेजारी खिळा त्याने ठोकला.