चिंच-मिठाने घासलेला आरसा

जगात दुर्बिणी विकत मिळतात ही बातमी ज्यांच्यापर्यंत अजून पोचलेली नाही असे एकच गृहस्थ पृथ्वीतलावर आहेत, आणि ते नेमके इथे आखातात, अल नहदाला, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. नोकरी लांब रुवैसच्या रिफायनरीत. सुट्टीला घरी आले की थेट तीनशे वर्षं मागे जातात. तेव्हा दुर्बिणीतले आरसे काचेचे नसत, तांबं-कथील ओतून करत. म्हणून यांनीही शारजाच्या एका वर्कशॉपमध्ये तसे ओतून घेतले. दोन तडकले. तिसरा गेलं वर्षभर बाल्कनीत बसून हाताने घासताहेत. "अहो, मॉलमध्ये तयार दुर्बीण मिळते की!" मी एकदा म्हणालो. "मिळत असेल," ते म्हणाले, "पण ती दुसऱ्याने घासलेली."

मी हसून सोडून दिलं असतं, पण माझी दहा वर्षांची ईरा सदा त्यांच्याकडे पडीक. त्या काळी म्हणे दुर्बिणी करणारा एक वादक होता. हात थांबला तर आरसा बिघडेल म्हणून तो तासन्‌तास घासत बसे आणि त्याची बहीण त्याला घास भरवी. ही गोष्ट ऐकल्यापासून ईरा या काकांना चमच्याने उपमा भरवते! मला पोरीने जन्मात पाण्याचा पेला दिलेला नाही. ऑफिसातून आलो की मान वर न करता "हाय, बाबा." जळफळाट व्हायचा माझा, खोटं कशाला बोलू?

एकदा रुवैसला जाताना काकांनी आरसा ईराच्या हवाली केला. इथल्या दमट हवेत तो चार दिवसांत काळवंडला आणि ईरा रडकुंडीला आली. म्हटलं, हीच संधी! देव्हाऱ्यातली तांब्याची भांडी घरात मीच घासतो. घेतली चिंच, घेतलं मूठ-मूठ मीठ, आणि आरसा असा लख्ख केला की बस. ईराने तो उजेडात धरला मात्र, आणि किंचाळली, "बाबा, यू स्क्रॅच्ड इट!" वर्षाची मेहनत खलास.

दुसऱ्याच दिवशी काका आले आणि मी सगळं कबूल केलं, हेव्यासकट. त्यांनी आरसा उचलून माझ्या पुढ्यात ठेवला. मग म्हणाले, "तेव्हाही हे आरसे काळे पडायचेच, आणि पुन्हा पहिल्यापासून घासावे लागायचे. यल्ला, चला, बसा. हात थांबवायचा नाही."

बसलो. त्यांच्यासारखा हात मला या जन्मी यायचा नाही, हेवा अजूनही वाटतो. खांदे भरून आले, आता उठावं म्हटलं, तेवढ्यात तोंडासमोर चमचा आला. "ओपन, बाबा," ईरा म्हणाली. उपमा अळणी होता. घरातलं मीठ मीच संपवलं होतं ना! हात न थांबवता मी दुसऱ्या चमच्यासाठी आ केला.